पहिला घास बटणचा

गळा

सदऱ्याचं वरचं बटण लागेना, तेव्हा मास्तरांनी पहिला संशय घेतला तो सदऱ्यावर.

सदरा त्यांनीच शिवलेला होता. स्वतःचं माप, स्वतःची कात्री. धुण्यात आटला म्हणावं, तर कापड आधी भिजवून वाळवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी कात्री लावली नव्हती. म्हणजे कुणीतरी कॉलर उसवून आत घेतली होती. घरात सुई चालवणारी माणसं दोनच. त्यातलं एक आरशासमोर उभं होतं.

"अगं, या सदऱ्याला हात लावलास का?"

"लावला," आतून बायको म्हणाली. "धुतला, वाळवला, घडी घातली. गुन्हा झाला का?"

"कॉलर आवळल्यासारखी वाटतेय."

"कॉलर नाही हो आवळली. तुम्ही फुगलात."

मास्तरांनी आरशात पाहिलं. चेहरा गोल झाला होता, गालांनी डोळे वर ढकलले होते. मानेमागे मांसाची एक उशी आली होती. हा माणूस आपल्या दुकानात आला असता, तर त्यांनी टेप गळ्यात तशीच ठेवून आधी विचारलं असतं, कोण आपण?

खांदा

हे थोडं आधीचं.

एका सकाळी मास्तरांचे हात वर जाईनात. खांदे कुणीतरी आतून शिवून टाकल्यासारखे. केस बायकोने विंचरले, बंडी बायकोने घातली. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, पण टेबलावर पसरलेल्या कापडाच्या पलीकडच्या टोकापर्यंत हात पोचेना. पन्नाशी उलटलेला शिंपी आणि हात पोचत नाही, म्हणजे संपलंच.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतून सूज आहे म्हणाले, आणि स्टेरॉइडच्या लहानशा पांढऱ्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी हात वर गेले. मास्तरांनी उगाचच माळ्यावरची बॅग काढली आणि परत ठेवली. त्या दिवशी बायको तुरपाई करता करता रडली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, भूक वाढेल, झोप कमी होईल, चेहरा सुजेल, पोट सुटेल, कातडी नाजूक होईल, चिडचिड होईल, मनात नको नको ते येईल. दोन, काहीही झालं तरी गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत. शरीर स्वतः जे तयार करतं ते या गोळ्यांमुळे तयार करायचं थांबवतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. पायरी पायरीने उतरायचं.

पहिली गोष्ट मास्तरांनी ऐकली. दुसरी बायकोने.

बटण हा कुत्रा. पिल्लू असताना कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत येऊन झोपला आणि राहिला. त्याला खाज सुटायची, पाय चावून चावून लाल करायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाही गोळ्या दिल्या. अर्धी, एक दिवसाआड, पावाच्या मऊ गोळ्यात दडवून. बायकोने पाकिटं शेजारी शेजारी धरून पाहिली.

"अहो, गंमत बघा. तुमचं आणि याचं औषध एकच!"

मास्तरांना त्यात गंमत दिसली नाही.

पोट

शाळेच्या बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि त्यांनी मास्तरांनाच खालून वर पाहिलं.

"मास्तर, बाळसं धरलंत की!"

"औषधाने."

"असं कसं हो औषध? आम्हाला पण सांगा, आमचे हे अगदी काडीपैलवान आहेत."

बाई हसल्या. आतून बायकोही हसली. बाईंचं हसणं ठीक होतं. बायकोचं हसणं जरा लवकर सुरू झालं, असं मास्तरांना वाटलं. जणू हा विनोद तिला आधीच माहीत होता.

झोप उडालेली. हाताला टेबलाची कड नुसती लागली तरी जांभळा डाग. जेवण झालं की भूक, भूक झाली की राग. आणि कान असे तीक्ष्ण झालेले, की स्वयंपाकघरात बायको फोनवर हळू बोलू लागली की त्यांना शब्द कळत नसत, पण हळूपणा मात्र लख्ख ऐकू येई.

कुठंतरी पाणी मुरत होतं.

"आजपासून गोळ्या बंद," त्यांनी जाहीर केलं.

"एकदम?"

"एकदम."

"डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवतंय ना? आणि पुन्हा हात अडकले तर?"

"अडकू देत. हा असा भोपळा होऊन मी गिऱ्हाइकासमोर उभा राहणार नाही. मेल्यावर खांदेकऱ्यांनाच जड जाईन."

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग तिने तोंड मिटलं, सुईत दोरा ओवला आणि काजं करायला बसली. इतकी वर्षं संसार झाला, पण ती इतक्या लवकर कधीच गप्प बसली नव्हती. मास्तरांनी ते लक्षात ठेवलं.

नाश्ता, त्यांच्या बाजूने

दुसऱ्या दिवशीपासून पावावर जाम आला.

इतकी वर्षं चहा आणि कोरडा पाव. आता एकाएकी जाम. तोही पहिल्याच तुकड्यावर. दुसरा तुकडा नेहमीसारखा कोरडा. पहिला तुकडा ती हातात देते. दुसरा बशीत ठेवते. पहिला तोंडाजवळ जाईपर्यंत समोरून हलत नाही.

"आज जाम कसा काय?"

"आणला."

"तू घे की."

"मला गोड नको होतं."

गोडाच्या मागे काहीतरी कडू होतं. जिभेच्या अगदी मुळाशी. आधी वाटलं बाटलीच खराब. ती नसताना त्यांनी बाटलीत बोट घालून चाटलं. निव्वळ गोड.

त्याच आठवड्यात मेहुणा दोनदा आला. बस चालवणारा माणूस, एरवी बोलावूनही न येणारा. दुकानाच्या दारात उभा राहून चौकटीवर हात फिरवत म्हणाला, "जागा छान आहे हो तुमची, भावोजी." मग हवेबद्दल बोलला. मग बहिणीकडे बघितलं, बहिणीने त्याच्याकडे बघितलं, आणि तो निघाला.

छान आहे हो तुमची. 'तुमची'वर जोर होता की नव्हता? मास्तरांनी ते वाक्य मशीन चालवता चालवता कितीतरी वेळा पुन्हा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी जोर थोडा वाढत गेला.

पुढल्या सकाळी तिची पाठ वळली आणि जाम लावलेला तुकडा टेबलाखाली गेला. बटणने तो बोटांना दात न लावता अलगद घेतला. मास्तर दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवून होते. बटण झोपला, उठला, टपालवाल्यावर भुंकला, पुन्हा झोपला. काही झालं नाही. कुत्र्याला सोसतं, मास्तरांनी ठरवलं. माणसाला बाधत असेल असं काहीतरी आहे.

तेव्हापासून रोज पहिला घास बटणचा.

नाश्ता, तिच्या बाजूने (अस्तर)

गोळी दोन चमच्यांमध्ये दाबली की तिची पूड होते. थोडी कडू लागते, म्हणून जाम. बटणला फसवते तसं नवऱ्याला फसवायचं, याची तिला लाज वाटत होती. पण आजार बरा होईपर्यंत लाज बाजूला ठेवता येते, नवऱ्याचे हात ठेवता येत नाहीत.

भावाला तिनेच बोलावलं होतं. "तू समजाव, तुझं ऐकतील." तो आला, दारात उभा राहिला, आणि त्याची हिंमतच होईना. दोन्ही वेळा पावसाचं बोलून गेला.

नवरा पहिला घास तोंडाजवळ नेईपर्यंत ती उभी राहायची. मग चहाचं आधण उतरवायला वळायची. वळून परत बघेपर्यंत हात रिकामा. तिला बरं वाटायचं.

पुरावे

मास्तरांना झोप लागू लागली. मनातली किरकिर ओसरली. चेहऱ्याची सूज जरा उतरली, कॉलर लागली.

याहून मोठा पुरावा कोणता? तुकडा खाणं सोडलं आणि माणूस सुधारला.

खांदे पुन्हा धरायला लागले, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती टेबलाला धरून घालवायची. अन्नावरची वासना गेली होती. अंगात काही आधीचं मुरलेलं असेल, ते निघतंय, एवढंच.

आणि बटण—

बटण पाण्याचं भांडं रिकामं करायचा, नाकाने ते पुढे ढकलत पुन्हा भरून मागायचा, पुन्हा रिकामं करायचा. जन्मात घरात न केलेलं त्याने टेबलाखाली केलं. मग शाळेच्या बाईंच्या अस्तरावर केलं. बसल्या जागी धापा. पोट खाली लोंबलेलं, पाठीचं हाड वर आलेलं, कमरेवरचे केस विरळ. कचऱ्याच्या डब्यातून खडूचा तुकडा काढून खाल्ला. एकदा तर त्याने मेहुण्याच्या हातातलं बिस्कीट ओढून घेतलं. हा तोच कुत्रा, जो दिलेलंही आधी हुंगून विचार करायचा.

"याचं पोट बघितलंत का?" बायको म्हणाली. "तुम्ही त्याला काही चारता का?"

"मी?" मास्तर म्हणाले. "मी कशाला चारू?"

"नाही, आपलं विचारलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात इतकी वर्षं एक टेप, एक कात्री, एक खडू दोघांत चालला होता. त्या दिवशी मास्तरांनी आपली कात्री खणात टाकली आणि किल्ली खिशात घातली.

रात्रभर जे उमगलं नाही ते कापड कापता कापता उमगलं. ती पावावर जे काही घालत होती, ते आपल्या वाटचं बटणच्या पोटात जात होतं. कुत्र्याला सोसत नव्हतं. आपण वाचलो आणि त्याला मारत होतो.

त्यांनी खाली वाकून बटणच्या डोक्यावर हात ठेवला. वाकताना खांद्यातून कळ गेली.

दुसऱ्या सकाळी पहिला घास खिशात गेला. तिसऱ्या सकाळीही. बटण टेबलाखालून बघत राहिला, पंजाने गुडघ्याला टोकरत राहिला. "नाही राजा," मास्तर ओठ न हलवता म्हणाले. "नाही."

उसवण

आता तो बरा व्हायला हवा होता. आपण झालो तसा.

तो झाला नाही. खाणं सुटलं. ज्याने खडू खाल्ला होता, तो पावाकडे तोंड फिरवू लागला. उलट्या झाल्या. मागचे पाय थरथरू लागले. मग एका दुपारी उठायला गेला आणि कापडाचा तागा घरंगळावा तसा कुशीवर पडला.

बायको धावली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या.

मास्तर दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. किती सराईतपणे हिरड्या पाहिल्या तिने. काय होणार ते माहीत असल्यासारखं. मी तुकडा देणं बंद केलं ते तिला कळलं असणार, त्यांनी जोडलं. आता ती त्याला सरळच देते.

"रिक्षा बघा ना!" ती ओरडली. "उभे काय राहिलात!"

रिक्षात बटण दोघांच्या मांड्यांवर आडवा होता. डोकं तिच्याकडे, पाय यांच्याकडे. 

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, कातडी चिमटीत धरून सोडली, पोटावर बोटं टेकवली.

"अंग गार पडलंय. नाडी मंद आहे. ही खाजेचीच गोळी चालू आहे ना? अर्धी, दिवसाआड?"

"तेवढीच," बायको म्हणाली. "एक दिवस चुकवली नाही, एक जास्त दिली नाही."

"पण हे पोट, हे केस... हे तेवढ्याने होत नाही, काकू. आणि पडला तो आज?"

"आज. गेले काही दिवस खातच नव्हता. त्याआधी तर राक्षसासारखा खायचा."

डॉक्टरीणबाई सलाइन लावता लावता म्हणाल्या, "मला दोन शक्यता दिसतात. एक, हा जास्त गोळ्या खात होता आणि त्या अचानक बंद झाल्या. तसं असेल तर मी आत्ता स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर हा जाईल. दुसरी, आतून कुठंतरी जंतू पसरलेत, नाहीतर कसलं विष पोटात गेलंय. तसं असेल तर तेच इंजेक्शन घात करू शकतं. रक्ताचा निकाल यायला वेळ लागेल, आणि याच्याकडे वेळ नाही. मला फक्त खरं सांगा. हा आणखी काय खात होता?"

"काही नाही," बायको म्हणाली. "देवाशप्पथ काही नाही."

मास्तरांनी भिंतीला पाठ टेकवली. हाच तो क्षण होता. समोर तिसरं माणूस होतं, शिकलेलं, साक्षीला. किती सकाळी त्यांनी हे वाक्य मनात बेतून ठेवलं होतं. आणि ते बोललं की संसाराला मधोमध कात्री लागणार होती, हेही त्यांना माहीत होतं.

बटणचं पोट हलकेच वर झालं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वर.

"तिला विचारा," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या पावाला जामात काय लावून देते ते तिला विचारा. तो तुकडा मी खात नव्हतो. याला देत होतो. रोज. परवा-तेरवापासून बंद केला. विष आहे ते!"

बायकोने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं त्यांना वाटलं होतं, नाहीतर भीती. दोन्ही आलं नाही.

"तुम्ही खात नव्हता?" ती म्हणाली.

"एकही घास नाही. सुरुवातीचे सोडले तर."

"एकही..."

"काकू," डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "जामात काय होतं?"

"गोळी."

"कसली?"

"यांची. यांनी सोडल्या होत्या. मी चोरून कुटून घालायची." तिने बटणच्या पाठीवर हात ठेवला. "याचंच औषध. हेच. पण माणसाच्या मापाचं."

डॉक्टरीणबाईंनी गोळी किती ताकदीची एवढंच विचारलं. उत्तर पुरं होईपर्यंत त्यांचा हात कपाटात होता. इंजेक्शनची कुपी फुटली, सुई भरली, सुई गेली. मास्तर त्या सुईकडे बघत राहिले. कोण कुणाला काय देतंय यावर इतके दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला होता. देत होते ते स्वतः. आणि बंद केलं तेही त्यांनीच.

"आणि काका," सुई काढत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे न बघता, "मग तुम्ही इतके दिवस गोळीशिवाय आहात?"

"मला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. ते खाली बसायच्या बेतात होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाठीमागची भिंत वर सरकत गेली आणि ते जमिनीवर बसले.

माप

बटण जगला. मास्तरांनाही सलाइन लागलं, पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसांच्या दवाखान्यात. त्यांचे डॉक्टर रागावले, ते दोघांवरही सारखेच. चोरून देणारीवर आणि चोरून न घेणाऱ्यावर. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. त्याच्याही, यांच्याही. आता दोघांनाही हळूहळू कमी करत न्यायचं होतं. चेहरा पुन्हा थोडा फुगेल, चिडचिड होईल, मनात नको ते येईल. "तसं आलं की मला येऊन सांगा," डॉक्टर म्हणाले. "बायकोवर तपास लावू नका."

घरी आल्यावर पहिले काही दिवस ती कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी काजं करता करता, मान वर न करता म्हणाली,

"विष म्हणालात. परक्या बाईसमोर."

"चोरून घालत होतीस."

"तुम्ही जगावं म्हणून."

"मला सांगितलं असतंस तर—"

"तर खाल्लं असतंत?"

मास्तरांनी टेबलावरची टेप बोटाभोवती गुंडाळायला घेतली. खाल्लं नसतं.

"आणि भावाने काय घोडं मारलं होतं तुमचं? चौकटीला हात लावला म्हणून दुकान घेणार तो? त्याला स्वतःची चड्डी शिवता येत नाही."

मास्तरांना हसू आलं. तिला आलं नाही. तिने दोरा दातांनी तोडला.

"यापुढे मी देणार नाही," ती म्हणाली. "बटणचं मी बघेन, तो निदान तोंडावर थुंकत नाही. तुमचं तुम्ही घ्यायचं."

तिने गोळीचं पाकीट टेबलावर ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला. आणि पाठ करून बसली. मुद्दाम. खिडकीकडे तोंड करून, हातातलं काम उजेडात धरून.

मास्तरांनी पाकिटातून गोळी दाबून काढली. तळहातावर ठेवली. पांढरी, लहान, मधोमध रेघ. त्यांनी ती उलटी करून पाहिली. पाकिटावरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. पाकिटाची पट्टी आधी उघडलेली होती का, हे बोटाने तपासून पाहिलं, आणि तपासतोय हे लक्षात आल्यावर बोट मागे घेतलं.

समोर तिची पाठ होती. सुई वर आली, खाली गेली, वर आली. गोळी खिशात टाकली असती तर तिला कळलं नसतं.

त्यांनी ती जिभेवर ठेवली. पाणी हाताशी होतं, पण लगेच घेतलं नाही.

सुई मध्येच थांबली. तिने वळून पाहिलं नाही. मान अगदी जरा तिरकी झाली, कान या बाजूला आला, आणि ती घोट ऐकू यायची वाट बघत बसून राहिली.